दस्त्याचा तुकडा

९ ऑक्टोबर २०१६, रविवार. त्या दिवशी अष्टमी होती आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खंडेनवमीला आमच्यात घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडून पुजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, आणि माझ्या घरी बंदूक. म्हणून सकाळी देवाचं आटोपल्यावर मी मागच्या खोलीत जुने पेपर अंथरले, तेलाची बाटली आणि चिंध्या घेतल्या आणि बंदूक साफ करायला बसले.

बंदूक बारा बोअरची, पंप ॲक्शन. नळीखालची मूठ मागं-पुढं ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. कायद्यानं मिळते त्यातली सगळ्यात आखूड नळी मी घेतली होती, गाडीत सीटमागं आडवी बसावी म्हणून. परवाना माझ्या नावावर. त्यावर छापलेल्या अटी बऱ्याच आहेत, पण अर्थ एकच निघतो. ही बंदूक माझ्याशिवाय कुणी हाताळायची नाही, आणि कुणाच्या हातून उडाली तर जबाब मी द्यायचा.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी पावसाळ्यात पुण्याला होते. जाण्याआधी नळी साफ करून, तेल लावून ठेवली होती. आता गजाला चिंधी गुंडाळून नळीतून ओढली तर ती काळीकुट्ट निघाली. गंज असता तर तांबूस निघाली असती. हा धूर होता. वास घेतला. पोळ्याच्या फटाक्यांसारखा वास.

मग काडतुसं काढली. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, मी मशीनवर शिवलेलं एक जाड कापडी कव्हर आहे, त्यात जास्तीची काडतुसं खोचून ठेवते. माझी सगळी लाल. त्यात एक हिरवं होतं.

दस्त्याच्या बुडाला रबरी गादी आहे. ओल धरली असेल म्हणून ती काढायला स्क्रू-ड्रायव्हर लावला. वर्षानुवर्षं न उघडलेला स्क्रू पहिल्यांदा कुरकुरतो. हे दोन्ही लोण्यातून यावेत तसे आले. आत लाकडात, स्क्रू बसायच्या जागी, पितळी आट्यांची दोन बुचं बसवलेली दिसली, आणि ती घासून चकचकीत झाली होती. मला तेव्हा वाटलं, कारागिरानं पक्कं काम केलं म्हणायचं. बाकी काही सुचलं नाही.

पण बंदूक कुणीतरी उडवली होती, एवढं नक्की. मी हात पुसले आणि भावाला फोन लावला. अडचण आली की भावाला फोन लावायचा, ही माझी तोवरची रीत होती.

भाऊ माझ्याहून धाकटा. मी शहरात गारखेड्यात राहते, तो पुंडलिकनगरात, म्हणजे जवळजवळ शेजारच. आमच्या वडिलांनी अजिंठ्याजवळची जमीन आम्हा दोघांत सारखी वाटून दिली. मुलीला निम्मी जमीन देणारे वडील आमच्या भागात फार नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते. नवरा वारल्यानंतर मी माझा हिस्सा स्वतः करायला घेतला. मिरची, थोडं अद्रक. शहरातून स्वतः गाडी चालवत जायचं, मजूर लावायचे, माल घालायचा, परत यायचं. भावजी, नणंदा, लेक, सगळ्यांनी एकच सांगितलं, की बटईनं, निम्म्या वाट्यावर, देऊन टाका. मी दिली नाही. शेतात गेले नाही तर माझ्या आठवड्यात काय उरतं, ते मला माहीत होतं.

मग एकदा मिरचीचा माल घालून परत येताना चौक्याच्या घाटात मोटरसायकलवरच्या दोघांनी गाडीची काच दगडानं फोडली, पर्स घेतली, गळ्यातलं ओढलं आणि गेले. घरी येऊन मी कंगव्यानं केसांतल्या काचा काढल्या. दुसऱ्या दिवशी घरात सभा भरली. आता तरी जमीन सोडा, असा ठराव बहुमतानं होत आला होता. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "जमीन कशाला सोडायची? अक्का, तू बंदूक घे."

सगळे हसले. तो हसला नाही, मीही नाही. तेवढं एक वाक्य मी त्याच्या खात्यावर कायमचं जमा धरलं.

आमच्या घरात बंदुकीचं एक जुनं दुखणंही होतं. आजोबांची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर सरकारनं हत्यारं जमा करायला सांगितली तेव्हा ती गेली आणि परत आली नाही. वडील दर खंडेनवमीला पाट मांडताना मध्ये एक जागा मोकळी सोडायचे. "तिथं बंदूक असायची," म्हणायचे. मला ती मोकळी जागा म्हणजे नुसती मोकळी जागा वाटायची. भावाला ती वेगळी दिसत असावी.

परवान्यासाठी त्यानं माझ्याबरोबर चकरा मारल्या. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा तो येऊन बसला. जुन्या शहरातल्या दुकानात बंदूक निवडायला तोच घेऊन गेला. पहिल्यांदा मी ती खांद्याला लावली तर दस्ता इतका लांब, की बूड खांद्याऐवजी दंडावर टेकलं आणि घोड्यापर्यंत बोट ताणावं लागलं.

दुकानदार म्हणाला, "बाई, हे माप साडेपाच-सहा फुटी गड्याचं आहे."

"मग माझं करून द्या," मी म्हणाले. "ब्लाऊज शिवतात तसं."

"नळी कापता येत नाही. तो गुन्हा आहे. दस्ता कमी करता येतो."

त्याच्या मागच्या खोलीत एक सुतारकाम करणारा कारागीर होता. कोपर काटकोनात वाकवायचा, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट घोड्यावर आरामात बसलं पाहिजे, असं ते माप. भावानं टेप धरला. माझा दंड धरून त्यानं ते माप दोनदा घेतलं आणि पेन्सिलनं खूण स्वतः केली. "अक्काला लागलं नाय पायजे," असं कारागिराला म्हणालेला मला आठवतंय.

मग भावानं मला बंदुकीच्या पट्ट्यासाठी मोच्याकडं पाठवलं. मी परत आले तेव्हा दस्ता कापून, बुडाला रबरी गादी लावून तयार होता. लाकडात एक काळी शीर होती, नागमोडी. ती गादीपाशी येऊन तुटली होती. मी विचारलं, "तुकडा कुठंय? कपाटाखाली पाचर मारायला होईल."

"अक्का, लाकडाच्या तुकड्याला काय बसलीस," भाऊ म्हणाला. "त्याच्या चुलीत गेला."

कारागीर पलीकडं तोंड करून रंधा पुशीत होता. मी पैसे दिले आणि निघाले.

बाकीचं मी घरी केलं. नळीखाली सायकलच्या दोन क्लिपांनी छोटी बॅटरी बसवली, म्हणजे शेतातल्या खोलीतून बाहेर बघताना बॅटरीला वेगळा हात नको. काडतुसांचं कव्हर शिवलं. मशीनच्या दोन सुया मोडल्या. सतरंजीच्या कापडाची लांब पिशवी शिवली. ती पिशवी खांद्याला लावून पहिल्यांदा गाडीकडं निघाले तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "भजनी मंडळात जाता का हो? तंबोरा घेतला वाटतं." मी हो म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात तिला तंबोराच म्हणतात.

त्या तंबोऱ्यातून माझ्या हातून जे काही वाजलं, ते सरावाच्या मैदानावरच. एकदा शेतात विहिरीवरची मोटर सोडवून न्यायला आलेले दोघं नुसता पंप ओढल्याच्या आवाजानं पळाले, तेवढंच. पण त्या बंदुकीमुळं मी एकटी जाऊ-येऊ लागले. कुणाला बरोबर चल म्हणावं लागत नव्हतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. बंदुकीचा मला मिळालेला उपयोग हा होता.

पुण्याला जाताना मी ती दुकानात जमा करून जाणार होते, तशी सोय असते. भाऊ म्हणाला, "कशाला उगं? कपाट लोखंडी आहे. किल्ली माझ्याकडं दे, मी असतोच की." घराची किल्ली झाडांना पाणी घालायला भावजयीकडं होतीच. मी कपाटाचीही जोडकिल्ली त्याला दिली.

आता त्या रविवारच्या फोनकडं येते.

"बंदूक कुणीतरी हाताळलीय," मी म्हणाले. "बार काढलाय. नळी काळी आहे."

"पावसाळ्यात पडतीच की काळी."

"अन् एक काडतूस हिरवं आहे. माझी सगळी लाल होती."

"दुकानदारानं मिसळलं असंल. तू काय एकेक बघून घेतलीस का?"

"मी सगळं एकेक बघूनच घेते."

तो हसला. "व्हय, ते हाय म्हणा. अक्का, तू उद्या इकडंच ये. तुझं घर दोन महिने बंद होतं, पूजा आमच्याकडं करू. तंबोरा घेऊन ये, मी बघतो काय झालंय ते."

मला बरं वाटलं. मी बघतो म्हणणारा माणूस असला की बरं वाटतं.

खंडेनवमीला मी सांगितल्या वेळेच्या बरीच आधी पोचले. मला वेळेआधी जायची सवय आहे. पुरण वाटायचं असलं तर हात लागतो. भाऊ झेंडू आणायला बाजारात गेला होता. भावजयीनं दार उघडलं, "या अक्का," म्हणाली आणि ओट्याकडं पळाली, कढई गॅसवर होती. मी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि देवघरात गेले.

वडिलांचा पाट मांडलेला होता. विळा, कोयता, कुऱ्हाड, भावाच्या गाडीच्या किल्ल्या, पाना, स्क्रू-ड्रायव्हर. आणि मध्ये, वडील मोकळी सोडायचे त्या जागी, एक लाकडाचा तुकडा. तळहाताएवढा जाड, पॉलिश केलेला. एका बाजूला रबरी गादी. दुसऱ्या, सपाट बाजूनं दोन लांब बोल्ट बाहेर आलेले. हळद-कुंकू वाहिलेलं, वर शेवंतीचं फूल. लाकडात नागमोडी काळी शीर.

मी तिथंच मांडी घालून बसले आणि बघत राहिले. भावजय हात पुसत आली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"ते व्हय? ह्यांच्या बंदुकीचं हाय. दरसाल पुजतो आम्ही. हत्याराचा भाग टाकायचा नाय, असं हेच म्हणतेत."

"कुणाच्या बंदुकीचं?"

"ह्यांच्या." ती माझ्याकडं बघायला लागली. "म्हणजे तुमच्याकडं ठेवायला असती ती. शहरात नीट राहती म्हणून. परवाना दोघांचा हाय म्हणले होते."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलायचं असतं तर तिनं तो तुकडा मी यायच्या आधी उचलला असता. तिला त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं तसं ती तीन वर्षं हळद-कुंकू वाहत होती.

मी पिशवीतून बंदूक काढली. रिकामी आहे का ते पाहिलं. पाटावरचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, माझी गादी काढली आणि तो तुकडा लावून बघितला. बोल्ट पितळी बुचांत गेले. चार-पाच आटे फिरवल्यावर तुकडा दस्त्याला घट्ट बसला. काळी शीर जिथं तुटली होती तिथून सरळ पुढं गेली. हळदीचं बोट माझ्या कव्हरला लागलं.

खांद्याला लावून पाहिली. बूड दंडावर टेकलं.

तेव्हा मला सगळं एका ओळीत दिसलं. पितळी बुचं नंतर बसवता येत नाहीत असं नाही, पण ती दस्ता कापला त्याच दिवशी बसवलेली होती. गादी पहिल्यापासून त्यांच्यावरच आवळलेली होती, लाकडात स्क्रूंची दुसरी भोकं नव्हती. म्हणजे मी मोच्याकडं होते तेव्हा. म्हणजे माझा दंड धरून माप घेणाऱ्या माणसानं, माप घेतानाच, ते माप परत स्वतःचं कसं करायचं हे ठरवलेलं होतं.

भावजय भिंतीला टेकून उभी होती. "अक्का," ती म्हणाली, "काय झालं?"

"कढई बघ," मी म्हणाले.

भाऊ झेंडूच्या माळा घेऊन आला. चपला काढता काढताच बोलत होता, "अक्का आली व्हय? आज काय भाव लावलाय गं फुलांचा..." मग त्यानं बंदूक पाहिली. माझ्या मांडीवर ती आडवी होती, त्याच्या मापाची.

"लावलीस व्हय," तो म्हणाला.

"बसली बरोबर. काम चांगलं झालंय."

"अक्का, ऐक. तू लई मनावर घेतीस."

"नळी काळी का होती ते तू बघणार होतास. बघ."

तो खाली बसला. माळ त्याच्या हातातच होती, तो तिच्या पाकळ्या तोडायला लागला. मग निघालं एकेक. मी पुण्यात असताना त्यानं बंदूक बांधावर नेली होती, हवेत बार काढला होता. बांधावरून चुलतभावाशी त्याचं भांडण जुनं, मारामारीची केस झालेली, ते मला माहीत होतं. त्या केसमुळं त्याचा स्वतःचा बंदुकीचा अर्ज आधीच फेटाळला गेला होता, ते माहीत नव्हतं.

"तुझा मंजूर होणार, हे दिसत होतं," तो म्हणाला. "बाईमाणूस, नवरा नाय, रस्त्यात लुटलेली. कोण नाय म्हणंल?"

"म्हणजे मला लुटलं ते बरंच झालं."

"तसं नाय गं. तुझ्यासाठीच घेतली की. एका बंदुकीत दोघांचं होत असंल तर काय वाईट? तुझं अन् माझं काय येगळं हाय का?"

"वेगळं नव्हतं तर तुकडा चुलीत गेला असं का सांगितलंस?"

त्यानं माळ पाटाच्या कडेला ठेवली.

"न सांगता नेलीस ती नेलीस. हा लावायची काय गरज होती? आखूड दस्त्यानं काय हवेत उडत नाही?"

तो म्हणाला, "गावात समद्यांना माहितीय, अक्कानं आखूड दस्त्याची घेतलीय. तशीच नेली असती तर म्हणले असते, बहिणीची बंदूक घेऊन आलाय. हसले असते."

"अन् तुकडा लावला की?"

"ओळखू येत नाय."

चहा घेऊन आलेली भावजय मध्येच थांबली होती. ती म्हणाली, "कुणावर धरली ते सांगा की."

"तू आत जा."

"मला तुम्ही रानडुकरं हाकलायला नेली म्हणला होता."

"आत जा म्हणलं ना."

ती गेली नाही. "तिथं काय झालं ते गावातल्या बाया फोनवर सांगत होत्या, मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं बोलतेत. चुलत जाऊबाई बांधावर गवत कापीत होत्या. घरात गडी कुणी नव्हता. ह्यांनी बंदूक दाखवून हवेत बार काढला. त्या पदर तोंडावर घेऊन खालीच बसल्या म्हणे."

मी भावाकडं पाहिलं. घाटात काच फुटली तेव्हा मीही असंच केलं होतं, पदर तोंडावर घेऊन सीटवर वाकले होते. हे मी तेव्हा फक्त त्याला सांगितलं होतं.

"तिचा नवरा तक्रार देत नाय," भाऊ म्हणाला. "घाबरलाय. मिटलंय ते. अक्का, वीस-बावीस दिवसांवर भाऊबीज आलीय. घरातलं घरात ठेव."

"घरातलं घरात ठेवायचं होतं तर बांधावर कशाला नेलीस?"

"परवाना जाईल तुझा. मग जाशील का शेतात एकटी? विचार कर."

ते त्यानं बरोबर ओळखलं होतं. मी तोच विचार करीत होते. बोलले तर बंदूक जाणार, आणि बंदुकीबरोबर माझं एकटीचं जाणं-येणंही जाईल कदाचित. पुन्हा घरात सभा भरेल. गप्प राहिले तर बंदूक राहणार, पण माझ्या नावाची बंदूक एका बाईवर रोखली गेली, हे मला माहीत असून मी ती सीटमागं घालून त्याच बांधावरून जाणार. आणि चुलतभावानं कधी तोंड उघडलं तर पहिलं नाव माझं येणार, आणि मी म्हणणार, मला माहीत नव्हतं. तेही खोटं झालं असतं आता.

मी स्क्रू सैल केले, तुकडा काढला, माझी गादी परत बसवली. तुकडा पिशवीत टाकला.

"तो कशाला नेतीस?" भाऊ म्हणाला.

"हत्याराचा भाग आहे. टाकायचा नाही." मी उठले. "उद्या सकाळी मी ठाण्यात जाते. तू आलास तर तूच सांग, मी शेजारी बसते. नाही आलास तर मी सांगते."

"दसऱ्याच्या दिवशी?"

"सुट्टी तुला आहे. बंदुकीला नाही."

त्याचा चेहरा मग बदलला. आतापर्यंत तो धाकटा भाऊ होता. आता म्हणाला, "वडिलांनी निम्मी जमीन दिली तवाच मला कळायला पायजे होतं." म्हणजे ते दुखणं नुसतं पाटावरच्या मोकळ्या जागेचं नव्हतं. इतकी वर्षं तो माझ्या जमिनीबद्दल काय धरून बसला होता, ते त्या एका वाक्यात आलं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकायला मला एवढी वर्षं लागली. लोक हसले तेव्हा तो हसला नव्हता, त्याचं कारण मी चुकीचं लावलं होतं.

भावजय जिन्यापर्यंत आली. "अक्का, जेवून तरी जा. पुरण केलंय." मग हळूच, "मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहितीय," मी म्हणाले. "किल्ल्या दे माझ्या. दोन्ही."

तिनं घराची किल्ली दिली. कपाटाची आत जाऊन आणली.

घरी येऊन मी भात टाकला, पिठलं केलं, जेवले. पूजा राहिली होती म्हणून बंदुकीला साधं हळद-कुंकू लावलं. संध्याकाळी त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. लेकीचा आला, तो उचलला. मामानं तिला सांगितलं होतं की आई रागाच्या भरात काहीतरी करायला निघालीय.

"तू रागात आहेस का?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "पण त्यासाठी जात नाहीये."

"मग कशासाठी?"

"परवान्यावर माझा फोटो आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगळवारी, दसऱ्याला, मी आंघोळ करून ठाण्यात गेले. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, जीपला झेंडूची माळ होती. आत टेबलावर त्यांच्या बंदुका मांडलेल्या, सगळ्यांना हळद-कुंकू. बाकावर भाऊ आहे का ते मी पाहिलं. नव्हता. थोडा वेळ थांबले. चहावाला येऊन गेला. तरी आला नाही.

टेबलामागचा हवालदार म्हणाला, "बाई, आज सण आहे. उद्या या ना."

मी पिशवी टेबलावर ठेवली. बंदूक काढून, उघडून, रिकामी दाखवली. काडतुसं वेगळी ठेवली, हिरवं त्यांच्यापासून वेगळं. मग तो तुकडा. त्यावरचं कुंकू सुकून भेगाळलं होतं.

"हे कशाचं?"

"दस्त्याचं. माझ्या मापाचा केला तेव्हा कापलेलं. हे लावलं की दुसऱ्याच्या मापाचा होतो." मी बोल्ट आणि बुचं दाखवली. "मी गावाला असताना ही माझ्या घरातून नेली आणि अजिंठ्याकडं शेतात उडवली. एका बाईला धमकावायला."

त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि पेन काढलं. "कुणी?"

मी भावाचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव.

तो लिहिता लिहिता थांबला. परवान्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. परवान्यावर माझं सासरचं आडनाव होतं, त्यामुळं त्याला विचारावं लागलं. "तुमचे कोण?"

"भाऊ. सख्खा."

"बाई, एकदा लिहिलं की मग ते राहतं. विचार केलाय ना?"

"लिहा," मी म्हणाले. "आणि झालं की वाचून दाखवा."

त्यानं वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यानं 'भावाची बंदूक' लिहिलं होतं. ते मी बदलायला लावलं. मग सही केली, बंदूक, काडतुसं आणि तुकडा तिथं ठेवला आणि बाहेर आले. सतरंजीची पिशवी रिकामी झाली होती. ती घडी करून सीटमागं टाकली. शेतावर दिवसाची वीज दुपारी येणार होती आणि मिरचीला पाणी द्यायचं होतं. मी गाडी अजिंठ्याच्या रस्त्याला लावली. घाटात काचा वर केल्या.